हैदराबादच्या प्रयोगशाळेने मांडलेला बेटीबंदीचा हिशेब

उत्तर प्रदेशाच्या जौनपूर जिल्ह्यात कलवारी नावाचे एक लहानसे खेडे आहे. देश स्वतंत्र होण्यास काही आठवडेच उरले असताना, ५ जुलै १९४७ रोजी, त्या गावी एका शेतकरी कुटुंबात लालजी सिंह यांचा जन्म झाला. महामना मालवीयांनी स्थापिलेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयात त्यांचे उच्च शिक्षण झाले आणि १९७१ साली त्याच विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. दिली. विषय होता सापांची गुणसूत्रे. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे तरुण वैज्ञानिकांसाठीचे पदक त्यांना १९७४ साली मिळाले आणि त्याच वर्षी ते पुढील संशोधनासाठी एडिंबरोला गेले.

मण्यारीचे नाव काढले तरी आपल्याकडे अंगावर काटा उभा राहतो. लालजींनी याच कुळातील पट्टेरी मण्यारीला आपल्या संशोधनाच्या केंद्रस्थानी ठेवले. मादीचे लिंग ठरविणाऱ्या गुणसूत्रावर डीएनएची तीच ती चार अक्षरे पुनःपुन्हा आलेली त्यांना आढळली. पुढे दिसून आले, की हीच आवर्तने इतर पृष्ठवंशीय प्राण्यांत आणि माणसातही आहेत, मात्र त्यांची संख्या व मांडणी माणसागणिक निराळी आहे. इंग्लंडमध्ये लेस्टर येथे अॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली डीएनएच्या साहाय्याने व्यक्तीची ओळख पटविण्याची पद्धत शोधली होती. लालजी सिंह १९८७ साली मायदेशी परतले आणि १९८८ साली त्यांनी मण्यारीकडून मिळालेल्या त्या धाग्यावरून भारताची स्वतःची पद्धत सिद्ध केली. परक्याचे तंत्र विकत न घेता आपल्या मातीतल्या सापावरून आपले तंत्र उभे करणारा हा माणूस! राजीव गांधी यांच्या हत्येचा तपास असो वा दिल्लीतील नैना साहनी खून प्रकरण असो, मृतदेहांची ओळख पटविण्याच्या कामी या तंत्राने न्यायालयाला साहाय्य केले. २००४ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरविले. पुढे २०११ ते २०१४ या काळात ते आपल्याच काशी हिंदू विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले आणि वेतन म्हणून त्यांनी केवळ एक रुपया घेतला.

ज्या संस्थेत हे कार्य घडले ती हैदराबादची सीसीएमबी, म्हणजेच पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र. १९७७ साली तिची मुहूर्तमेढ रोवणारे डॉ. पुष्प मित्र भार्गव यांना १९८६ साली पद्मभूषण मिळाले होते. भार्गव हे कडवे नास्तिक आणि हिंदुत्वाच्या विचाराचे उघड विरोधक. तथाकथित असहिष्णुतेच्या निषेधार्थ २०१५ साली जी 'पुरस्कारवापसी' झाली, तीत त्यांनी आपले पद्मभूषण परत करण्याची घोषणा केली. त्या कृतीचे समर्थन करण्याचे काहीच कारण नाही. ज्या राष्ट्राने सन्मान दिला त्याचा तो सन्मान होता, कुणा एका सरकारचा नव्हता. परंतु शून्यातून एक जागतिक दर्जाची प्रयोगशाळा उभी करणे आणि लालजींसारख्या माणसाला तेथे मोकळीक देणे, हे श्रेय भार्गवांचेच आहे आणि ते हातचे राखून देण्याची गरज नाही. विचाराने दोन टोकांचे हे दोन शास्त्रज्ञ २०१७ या एकाच वर्षी निवर्तले. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला भार्गव गेले, डिसेंबरच्या दहाव्याला लालजी. याच संस्थेतील डॉ. इम्रान सिद्दिकी यांना २०११ साली वनस्पतींच्या प्रजननावरील आणि डॉ. मंजुला रेड्डी यांना २०१९ साली जिवाणूंच्या पेशीभित्तिकेवरील संशोधनासाठी इन्फोसिस पुरस्कार मिळाला. एका शासकीय संस्थेच्या वाट्याला इतके सन्मान यावेत, ही आपल्या देशात नित्याची गोष्ट नव्हे.

सन्मानाची मात्र एक गंमत आहे. पुरस्कार जाहीर होतो, छायाचित्र छापून येते, गावात सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते आणि त्या शास्त्रज्ञाने नेमके काय सांगितले ते वाचण्याची जबाबदारी संपते. लालजी सिंह आणि त्यांचे सहकारी डॉ. कुमारसामी थंगराज यांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. कारण त्यांच्या संशोधनाचा एक भाग सर्वांनी उचलला आणि दुसरा, अधिक निकडीचा भाग कुणीच उचलला नाही.

उचलला गेलेला भाग म्हणजे अर्थातच आर्य-द्रविड प्रश्न. सप्टेंबर २००९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हार्वर्डचे डेव्हिड राइश, थंगराज, लालजी सिंह आणि त्यांचे सहकारी यांचा निबंध प्रसिद्ध झाला. देशातील २५ समूहांतील १३२ व्यक्तींच्या डीएनएचा, साडेपाच लाखांहून अधिक ठिकाणी, त्यात अभ्यास होता. निष्कर्ष असा, की आजच्या भारतीयांचे पूर्वज मुख्यतः दोन प्राचीन समूहांच्या मिश्रणातून आले. त्यांना 'प्राचीन उत्तर भारतीय' आणि 'प्राचीन दक्षिण भारतीय' अशी नावे देण्यात आली. पहिल्या समूहाचा वाटा निरनिराळ्या जातिजमातींत ३९ ते ७१ टक्के इतका आढळला. ही नावे कशी पडली याची हकीकत राइश यांनी २०१८ सालच्या आपल्या ग्रंथात सांगितली आहे. २००८ च्या ऑक्टोबरात ते हैदराबादला आले तेव्हा मिश्रणातील एका घटकाला थेट परदेशी समूहाचे नाव देण्यास लालजी व थंगराज यांनी हरकत घेतली. हाती असलेल्या पुराव्यावरून तसे म्हणता येणार नाही, असा त्यांचा आग्रह होता आणि बऱ्याच ताणाताणीनंतर ही दोन नावे ठरली. पाश्चात्त्य विद्वानासमोर आपल्या मुद्द्यावर ठाम राहणारे भारतीय शास्त्रज्ञ ही अभिमानाचीच बाब होय.

निबंध प्रसिद्ध होताच आर्य-द्रविड भेद हे थोतांड असल्याचे हैदराबादेतून सांगितले गेले आणि राष्ट्रीय विचाराच्या वर्तुळात त्याचे मोठे स्वागत झाले. ते स्वाभाविक होते. ज्या सिद्धांताच्या आधारे इंग्रजांनी या देशातील एका भागाला दुसऱ्या भागाविरुद्ध उभे केले, ज्याच्यावर दक्षिणेतील फुटीर राजकारण पोसले गेले आणि पाठ्यपुस्तकांतून जो निर्विवाद सत्य म्हणून शिकविला गेला, त्याला प्रयोगशाळेतून धक्का बसत असेल तर कुणाला आनंद होणार नाही? कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत एकही मोठा समूह असा नाही ज्याच्यात दोन्ही प्रवाह नाहीत, ही गोष्ट तर आजही अबाधित आहे.

परंतु विज्ञान तेथे थांबले नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये एका दिवसाच्या अंतराने दोन निबंध आले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे कुलगुरू राहिलेले पुरातत्त्वज्ञ डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखालील, हरियाणातील राखीगढी येथे सापडलेल्या एका स्त्रीच्या सांगाड्यावरील निबंध 'सेल'मध्ये प्रसिद्ध झाला. सिंधू-सरस्वती संस्कृतीतील त्या स्त्रीच्या डीएनएमध्ये मध्य आशियाई गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश नव्हता. दुसरा निबंध 'सायन्स'मध्ये होता आणि त्यात ५२३ प्राचीन व्यक्तींचा नवा डीएनए तपासलेला होता. इसवी सनापूर्वी २००० ते १५०० या काळात त्या गवताळ प्रदेशातील लोक भारतात येऊन येथील लोकांत मिसळले, असे तो सांगतो. शिंदे आणि थंगराज या दोघांचीही नावे त्याच्या लेखकांत आहेत. आपल्याकडे पहिला निबंध गाजला, दुसऱ्याची वाच्यता झाली नाही. डाव्या इतिहासकारांनी नेमके उलटे केले. घोड्यांवरून आलेल्या टोळ्यांनी हडप्पाची नगरे जाळली, ही मॉर्टिमर व्हीलर यांनी रंगविलेली कथा पुरातत्त्वाने केव्हाच निकालात काढली आहे, ती पुन्हा जिवंत होण्याचे कारण नाही. पण 'कुणी आलेच नाही' हेही त्या निबंधांतून निघत नाही. अर्धा कागद वाचून दवंडी पिटणे हे ज्यांना आपण दोष देतो त्यांचे काम. ते आपण करू नये.

आणि त्यात भिण्यासारखे तरी काय आहे? लोकमान्यांनी १९०३ साली आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचे ग्रंथ लिहून प्रतिपादले. म्हणून त्यांची देशभक्ती काही तसूभर उणी ठरली नाही. दुसऱ्या बाजूला डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली शूद्रांविषयीच्या आपल्या ग्रंथात आर्य आक्रमणाचा सिद्धांत साफ फेटाळला. हिंदू राष्ट्राचा आधार रक्ताची शुद्धता हा नाहीच. अखिल मानवजातीचे रक्त एकमेकांत मिसळलेले आहे, असे स्वतः सावरकरांनी १९२३ साली आपल्या हिंदुत्वविषयक प्रबंधात म्हटले आहे. चार हजार वर्षांपूर्वी आलेला जो कोणी होता तो येथील झाला, त्याने येथील नद्यांना माता मानले. प्रश्न तेथे संपतो.

खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

२००९ च्या त्याच निबंधात एक दुसरा निष्कर्ष होता, ज्यावर ना पत्रकार परिषदेत चर्चा रंगली, ना अग्रलेख आले. भारतातील बहुसंख्य जाती शतकानुशतके इतक्या काटेकोरपणे आपापसातच विवाह करीत आल्या आहेत, की त्यांच्यात मूठभर मूळ पूर्वजांची छाप आजही ठळक दिसते. २०१३ साली थंगराज, लालजी सिंह आणि प्रिया मूरजानी प्रभृतींनी ७३ समूहांतील ५७१ व्यक्तींच्या अभ्यासातून याला काळाची जोड दिली. सुमारे ४२०० वर्षांपूर्वीपासून १९०० वर्षांपूर्वीपर्यंत या देशात मुक्तपणे मिश्रण होत होते. उत्तरेचे दक्षिणेशी, आज उच्च म्हणविणाऱ्यांच्या पूर्वजांचे आज मागास म्हणविणाऱ्यांच्या पूर्वजांशी रक्तसंबंध जुळत होते. नंतर ते थांबले. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय संस्थेत पार्थ मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली स्वतंत्रपणे हिशेब केला, तेव्हा त्यांनाही उत्तरेतील वरिष्ठ जातींत सुमारे ७० पिढ्यांपूर्वी दारे बंद झाल्याचे दिसले आणि त्यांनी त्याचा संबंध गुप्तकाळाशी जोडला.

गुप्तकाळ म्हणजे आपले सुवर्णयुग. कालिदास, आर्यभट, दिल्लीचा लोहस्तंभ. त्याच सुवर्णयुगात बेटीबंदीची कडी घातली गेली असेल, तर ही गोष्ट गिळायला अवघड आहे. जातिव्यवस्था हे सर्वस्वी इंग्रजांच्या शिरगणतीचे अपत्य आहे, असे अलीकडे फार सांगितले जाते. इंग्रजांनी तिला खानेसुमारीच्या रकान्यात गोठविले, हे खरे. पण सत्तर पिढ्या मागे जाणारी ही कडी काही त्यांनी घातलेली नाही. मात्र याच संशोधनाचा दुसरा अर्थ अधिक मोलाचा आहे. ही कडी सनातन नव्हे. तिच्या आधीची किमान दोन सहस्रके या भूमीवर माणसे तिच्याविना राहिली, वाढली आणि एकमेकांची सोयरी झाली. वेदांचा व उपनिषदांचा बराचसा काळ याच मोकळ्या युगात मोडतो. बेटीबंदी हाच हिंदू धर्माचा प्राण आहे असे मानणाऱ्यांनी आपला धर्म केवळ त्याच्या उत्तरार्धातून ओळखला आहे, असे म्हणावे लागेल.

या बंद दारांची किंमत कोण देते? आंध्र प्रदेशातील आर्यवैश्य समाजाचे उदाहरण जनुकशास्त्राच्या ग्रंथांत नेहमी दिले जाते. मराठवाड्यातही या समाजाची मोठी वस्ती आहे. लाखोंची संख्या असलेला, व्यापारात आणि दानधर्मात अग्रेसर असा हा समाज. त्याच्यात एका विशिष्ट विकराच्या कमतरतेचे प्रमाण इतरांहून कितीतरी अधिक आढळते. एरवी त्या व्यक्तीला काहीच त्रास नसतो. पण शस्त्रक्रियेपूर्वी स्नायू शिथिल करण्याचे एक नेहमीचे औषध दिले, की जो परिणाम काही मिनिटांत ओसरायचा तो तासन्‌तास टिकतो आणि श्वास बंद पडतो. तेथील भूलतज्ज्ञांना हे अनुभवाने ठाऊक आहे. ते रुग्णाला त्याची जात विचारतात, ती तुच्छतेपोटी नव्हे, त्याचा जीव वाचविण्यासाठी.

यात त्या समाजाचा कोणताही दोष नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. असेच कमीअधिक प्रमाणात बहुतेक जातींचे आहे. नाव फक्त ज्यांचा अभ्यास झाला त्यांचे घेतले जाते. २०१७ साली थंगराज व राइश यांच्या गटाने २६० हून अधिक समूहांतील २८०० हून अधिक व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. युरोपातील अश्कनाझी ज्यू आणि फिनलंडचे लोक यांच्यात थोड्या पूर्वजांपासून आलेल्या आनुवंशिक रोगांचा जगभर अभ्यास झाला आहे. त्यांच्याहूनही तीव्र अशी छाप या पाहणीत ८१ समूहांत आढळली आणि त्यांपैकी १४ समूहांची लोकसंख्या प्रत्येकी दहा लाखांवर आहे. म्हणजे हा प्रश्न एखाद्या दुर्गम पाड्याचा नाही. मोठ्या, सुशिक्षित, शहरांत वसलेल्या जातींचा आहे.

याची रीत सोपी आहे. प्रत्येक माणसाच्या जनुकांत काही सदोष प्रती असतात. दुसरी प्रत चांगली असल्याने दोष झाकला जातो. आई आणि वडील दोघांकडेही तोच झाकलेला दोष असेल, तर त्यांच्या प्रत्येक अपत्यात तो उघडा पडण्याची शक्यता चारात एक असते. दोघांचे पूर्वज तेच शेदोनशे लोक असतील, तर तोच दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. यावर लगेच उत्तर येते, की आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते, म्हणून तर त्यांनी सगोत्र आणि सपिंड विवाह निषिद्ध ठरविले. त्या नियमांमागे निश्चितच दृष्टी होती आणि भावाबहिणींच्या मुलांत विवाह होण्याचे संकट त्यांनी उत्तरेत तरी दूर ठेवले. पण गणित करून पाहावे. प्रत्येकाला खापरपणजोबांच्या पिढीचे सोळा पूर्वज असतात. गोत्र त्यांतील एकाच पुरुषाचा माग ठेवते, उरलेले पंधरा त्याच्या दृष्टीआड राहतात. स्मृतींनी सपिंडाची मर्यादा आईकडून पाच व वडिलांकडून सात पिढ्या सांगितली, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती तीन व पाचवर आणली. जातीचे मूळ पूर्वज मात्र सत्तर-ऐंशी पिढ्या मागे आहेत. सात पिढ्यांची दोरी त्या विहिरीच्या तळाला पोहोचत नाही. शिवाय महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीवर पहिला हक्क मानण्याची चाल आहे. इरावतीबाई कर्वे यांनी तिचे सविस्तर वर्णन केले आहे. म्हणजे जातीची भिंत तर आहेच आणि भिंतीच्या आतही पुन्हा जवळचीच सोयरीक.

प्रत्येक आनुवंशिक रोग बेटीबंदीतूनच येतो, असे मात्र नाही. थंगराज यांच्याच गटाने २००९ साली दाखविले, की हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकातील पंचवीस अक्षरांचा तुकडा भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत गळालेला असतो आणि त्यामुळे उतारवयात हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो. तो दोष जातींहून कितीतरी जुना आहे आणि सर्वच जातींना शिवून जातो. विदर्भात आणि नंदुरबारच्या डोंगरांत घराघरांत पोहोचलेला सिकलसेल मलेरियाच्या प्रदेशात टिकून राहिला, कारण त्याचा एकटा वाहक मलेरियापासून काही अंशी वाचतो. पण वाहकाचे वाहकाशीच लग्न होत राहणे, हे तेथेही घडते.

आता मूळ मुद्दा. १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या एका चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातींविषयी निबंध वाचला. स्पर्श, भोजन, व्यवसाय ही सारी जातीची बाह्य लक्षणे. जातीत जातीतच विवाह करणे हे तिचे एकमेव सत्त्व, आणि ते गोत्रबाह्य विवाहाच्या जुन्या रीतीवर मागाहून लादले गेले, असे त्यांचे प्रतिपादन होते. डीएनए या शब्दाचाही जन्म झालेला नसताना त्यांनी जे तर्काने मांडले, ते हैदराबादच्या प्रयोगशाळेत ९७ वर्षांनी आकड्यांत उतरले. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील सात स्वदेशी बेड्या मोजल्या, त्यांत शेवटची बेटीबंदी. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याचे संरक्षण दिले, कोल्हापूर आणि इंदूर यांच्यात मराठा-धनगर सोयरीक जुळविण्याची योजना आखली. १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत सरसंघचालक बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यता पाप नसेल तर जगात काहीच पाप नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले. १४ एप्रिल १९८३ रोजी, वर्षप्रतिपदा आणि आंबेडकर जयंती एकाच दिवशी आली असताना, सामाजिक समरसता मंचाची स्थापना झाली.

या परंपरेने पहिल्या सहा बेड्या बऱ्याच अंशी तोडल्या. संघाच्या शिबिरात एका पंक्तीत जेवणाऱ्याला शेजाऱ्याची जात ठाऊक नसते, याची नोंद विरोधकांनीही घेतली आहे. सातवी बेडी मात्र शाबूत आहे. २०११-१२ च्या मानवविकास सर्वेक्षणात देशातील आंतरजातीय विवाहांचे प्रमाण जेमतेम पाच टक्के आढळले. समरसतेवर तासभर ओजस्वी बोलणारा कार्यकर्ता मुलीसाठी स्थळ पाहू लागला, की त्याची शोधाशोध पोटजातीपासून सुरू होते. आजोबांच्या पिढीत देशस्थ-कोकणस्थ विवाहदेखील धाडस समजला जात असे. आज त्याचे कुणाला काही वाटत नाही, पण पाऊल त्यापुढे फारसे गेलेले नाही. एकत्र जेवण्याने समाज जवळ येतो, हे खरेच. मात्र पंक्ती उठली की जो तो आपल्या घरी जातो. सोयरीक झाली, की दोन घरांची दुःखे एक होतात. हिंदू समाज एकसंध व्हावा अशी मनापासूनची इच्छा असणाऱ्यांना याहून खात्रीचा मार्ग ठाऊक असेल तर त्यांनी तो सांगावा.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की रोगांची नावे जातींना चिकटविल्याने नवा कलंक निर्माण होईल. ही भीती अनाठायी नाही. ज्या समाजाचा मुलगा-मुलगी पाहताना 'त्यांच्यात तो आजार असतो' अशी कुजबुज सुरू होईल, त्याच्यावर अन्यायच होईल. म्हणून ही माहिती गुप्तता पाळून, तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच हाताळली गेली पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक जुना: जातीने परकीय आक्रमणांच्या काळात समाजाला सावरले, धर्मांतराला बांध घातला, ती मोडली तर उरेल काय? जातीच्या पंचायतींनी संकटात आपल्या माणसांना आधार दिला, हे नाकारता येत नाही. पण ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्यांना या बांधाने कधीच आत घेतले नाही, आणि परधर्मात गेलेल्यांत त्यांचीच संख्या मोठी आहे. पाणी बांधाच्या आतूनच झिरपले.

आंतरजातीय विवाह कुणावर लादता येत नाहीत आणि लादू नयेत. मने जुळल्यावर घरच्यांनी आडवे न येणे, एवढीच पहिली अपेक्षा आहे. पण जे जातीतच लग्न करणार आहेत, त्यांच्यासाठीही प्रयोगशाळेकडे सांगण्यासारखे आहे. न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यूंमध्ये टे-सॅक्स नावाच्या रोगाने बालके दगावत. स्वतःची चार मुले त्या रोगाने गमावलेल्या योसेफ एकस्टाइन या धर्मगुरूंनी १९८३ साली एक संस्था काढली. तरुण-तरुणींची रक्ततपासणी होते, कुणालाही स्वतःचा निकाल सांगितला जात नाही, केवळ एक क्रमांक मिळतो. विवाहाची बोलणी सुरू झाली की दोन्ही क्रमांक कळवायचे आणि दोघेही वाहक असतील तर तेवढे सांगितले जाते. कुणाची बदनामी नाही, परंपरेला धक्का नाही आणि त्या समाजातून तो रोग जवळजवळ हद्दपार झाला. जे एका धर्मगुरूला जमले, ते आपल्या मठाधिपतींना आणि ज्ञातिसंस्थांना जमणार नाही असे नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ केला. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाचे वाचन करणाऱ्या 'जिनोम इंडिया' प्रकल्पाची सामग्री ९ जानेवारी २०२५ रोजी संशोधकांना खुली झाली. ऐंशीहून अधिक समूह त्यात आहेत आणि हैदराबादच्या संस्थेचाही त्यात सहभाग आहे. लालजी सिंह यांनी स्वतः २००४ साली 'जिनोम फाउंडेशन' ही संस्था काढली, ती खेड्यातल्या गरिबाला आनुवंशिक रोगाचे निदान परवडावे म्हणून. तिचे एक केंद्र त्यांनी जन्मगावी कलवारीतच उघडले. १० डिसेंबर २०१७ रोजी गावाकडून हैदराबादला परतण्यासाठी ते वाराणसीच्या विमानतळावर आले असता त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ज्या विद्यापीठाने त्यांना घडविले त्याच्याच रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला.

महाराष्ट्रात मार्गशीर्षापासून ज्ञातिसंस्थांचे वधू-वर मेळावे सुरू होतात. त्यांच्या छापील अर्जावर रास, गण, नाडी, गोत्र, उंची, रंग, पगार आणि सर्वांत वर पोटजात असे रकाने असतात. विदर्भातील एखाद्या मेळाव्याने या हंगामात मंडपाच्या दाराशी सिकलसेलच्या तपासणीचे टेबल मांडले आणि अर्जावरचा पोटजातीचा रकाना ऐच्छिक केला, तर त्यासाठी ना नवा कायदा लागणार आहे, ना सरकारी अनुदान.